रोझीची वेळ

जर्दाळूचं आइस्क्रीम संपलेलं असतं, आणि तेवढ्यावरून डॉन टिलमनचं जमू पाहणारं एक नातं मोडतं. समोरची बाई जर्दाळूवर अडून बसलेली. डॉन तिला मनापासून समजावतो की थंडीने जीभ बधिर होते, त्यामुळे जर्दाळू काय, आंबा काय, पीच काय, चव सारखीच लागणार. ती निघून जाते. आपलं काय चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. 'द रोझी प्रोजेक्ट'मधला हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तो लोकलमध्ये, उभ्याने. इतकी हसले की शेजारच्या बाईंनी पुस्तकाचं नाव विचारून घेतलं.

डॉन मेलबर्नच्या एका विद्यापीठात जनुकशास्त्र शिकवतो. वय एकोणचाळीस. कुठल्याही बाईशी त्याची दुसरी भेट म्हणून कधी झालेली नाही. दिवस मिनिटांत आखलेला, आठवड्याचा स्वयंपाक ठरलेला. मंगळवार म्हणजे लॉब्स्टरचं सॅलड. शेजारच्या डॅफ्नी नावाच्या म्हातारीशी त्याची मैत्री होते आणि ती एकदा त्याला सांगते, तू कुणाचा तरी फार चांगला नवरा होशील. बाई सांगते आहे म्हणजे त्यात तथ्य असणार, असं धरून तो कामाला लागतो. सोळा पानांची, पाठपोट छापलेली प्रश्नावली तयार होते. सिगारेट नको, उशिरा येणारी नको. एक प्रश्न तर गुर्दा खाता का, असा आहे आणि त्याचं बरोबर उत्तर 'कधीकधी'. सरळ विचारलं तर लोक 'सगळं खाते' म्हणतात आणि मागाहून नखरे कळतात, हे त्याचं त्यामागचं कारण.

हे वाचताना मराठी माणसाला मेलबर्न लांबचं वाटत नाही. आमच्या मावशीकडे एक प्लास्टिकची फाइल होती, नात्यातल्या सगळ्या उपवर मुलामुलींच्या बायोडेटांची. जन्मवेळ, उंची, रास, नाडी, गोत्र, शिक्षण, पगार आणि सगळ्यात शेवटी 'अपेक्षा'. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की मावशी फोन फिरवायची. त्या फाइलमुळे जमलेली लग्नं मी पाहिली आहेत, चांगली टिकली आहेत, तेव्हा तिला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण 'अपेक्षा' या रकान्याशी पेन अडलेल्या मुली मला आठवतात. काय लिहायचं असतं तिथे? डॉनने नेमका तोच रकाना सोळा पानांचा केला आहे.

आणि मग रोझी येते. सिगारेट ओढणारी, शाकाहारी, वेळेशी देणंघेणं नसलेली, बारमध्ये काम करणारी. प्रश्नावलीत ती पहिल्याच पानावर गळाली असती. त्यांच्या पहिल्या संध्याकाळी डॉनला एका भारी रेस्टॉरंटच्या दारातच अडवतात, कारण कोट घालून या असा नियम आणि त्याने घातलेलं असतं पावसाळी जाकीट. प्रकरण झटापटीपर्यंत जातं. शेवटी रोझी त्याच्या घरी येते. मंगळवार असतो, म्हणजे लॉब्स्टर. पण जेवायची वेळ उलटून गेलेली, सगळा तक्ता कोलमडलेला आणि डॉन कासावीस. रोझी काय करते? घड्याळच बदलते. आजपासून या घरात रोझीची वेळ, जेवण वेळेवरच आहे. टेबल उचलून बाल्कनीत नेते, जिथे डॉन आजवर कधी जेवायला बसलेला नाही. खाली शहराचे दिवे. ते दोघं जेवतात, बोलतात, आणि तो कधी नव्हे तो मिनिटं मोजायचं विसरतो.

मला हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते या पानांसाठी. कथा डॉनच सांगतो, त्यामुळे त्याला जे कळत नाही ते त्याच्याच वाक्यांतून आपल्याला कळतं. 'माझं प्रेम बसलं' असं तो म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. तो सांगतो की न्हाणीघर घासायचं राहिलं, झोपायला इतकी मिनिटं उशीर झाला, बाजारहाट पुढे ढकलला. आपण त्या नोंदी वाचतो आणि त्याच्याआधी ओळखतो. रोझीला तिचे खरे वडील कोण ते शोधायचं असतं. त्या शोधासाठी डॉन कॉकटेलचं अख्खं पुस्तक पाठ करतो, डॉक्टरांच्या एका स्नेहमेळाव्यात बारच्या मागे उभा राहतो आणि उष्ट्या ग्लासांवरून डीएनएचे नमुने गोळा करतो. हे सगळं का करतोय, याचं पटेल असं कारण त्याच्याकडे एकही नसतं. पुढे कधीतरी आइस्क्रीम खाताना रोझी सहज म्हणते, या दोन फळांच्या चवीतला फरक तुला ओळखता यायचा नाही. बस. पहिल्या प्रकरणांतलं जर्दाळू तिथे येऊन पोचतं.

सगळंच आवडतं असं नाही. डॉनचा मित्र जीन, देशोदेशीच्या बायका गाठून नकाशावर टाचण्या लावणारा, मला प्रत्येक वाचनात खटकतो. त्याची पानं मी भराभर उलटते. पण नाचाची पूर्वतयारी म्हणून डॉन शरीरशास्त्र विभागातला हाडांचा सांगाडा जोडीला घेऊन पावलं टाकतो, ते पान मी आजवर अनेकांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे.

लेखक ग्रेअम सिम्सियन यांची कित्येक वर्षं डेटाच्या रचनेचा सल्लागार म्हणून काम करण्यात गेली. पन्नाशीत ते पटकथालेखन शिकायला गेले. ही गोष्टही आधी पटकथा होती. कादंबरीच्या हस्तलिखिताला 2012 मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित लेखनाचा पुरस्कार मिळाला आणि 2013 मध्ये ती छापली गेली. 'हलकंफुलकं' म्हणून असली पुस्तकं आपण प्रवासाच्या पिशवीत टाकतो आणि शेल्फवर मागच्या रांगेत लावतो. मला हे पटत नाही. सांगाड्यासोबत नाचणाऱ्या माणसावर हसवायचं आणि त्याला क्षणभरही हास्यास्पद होऊ द्यायचं नाही, याला फार वर्षांची मेहनत लागते.

माझे बाबा डॉनसारखेच होते. पावणेसहाला दूध, सव्वासहाला दाढी, मग रेडिओवर सकाळच्या बातम्या, आवाज मोठा, सगळ्या घराने ऐकायच्या. पाहुणे असोत, परीक्षा असोत, त्यात बदल नाही. एका वर्षी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रात्रभर तिला ठणका लागायचा, पहाटे कुठे डोळा लागायचा. बाबा तिच्याशी त्याबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही. दाढी सव्वासहालाच व्हायची. पुढचे दोन महिने आमच्या घरात सकाळच्या बातम्या लागल्या नाहीत.