‘बघू’ आणि ‘दुग्री’

मराठीत नकार द्यायला ‘नाही’ हा शब्द फारसा लागत नाही, ‘बघू’ पुरतो. उसने पैसे मागायला आलेल्या नातेवाइकाला ‘बघू, पगार होऊ दे’ म्हटले की तो चहा संपवतो, इकडचे तिकडचे दोन विषय काढतो आणि उठतो. मागणाऱ्याचा शब्द खाली पडत नाही आणि देणाऱ्यालाही तोंड चुकवत फिरावे लागत नाही. तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेले, तर ऐकणारा एक तारखेला दारात हजर व्हायचा.

भाषा येणे वेगळे आणि बोलण्याची रीत अंगवळणी पडणे वेगळे. व्याकरण दोन-तीन वर्षांत जमून जाते. रीत शिकायची असते हेच मुळात लक्षात येत नाही, कारण ती पाळणाऱ्याला ती जगाचीच रीत वाटते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५९ च्या ‘द सायलेंट लँग्वेज’ या पुस्तकात या न बोललेल्या भागाकडे लक्ष वेधले. पुढे त्यांनी समाजांची एक ढोबळ विभागणीही केली: काहींत अर्थाचा मोठा वाटा नात्यात, प्रसंगात आणि सुरात असतो, काहींत तो शब्दांतच असतो. विभागणी कामाची आहे; देशांच्या नकाशावर बसवायला गेले की मात्र फसते. मालवणी घरातली लाडाची शिवी पुण्याच्या दिवाणखान्यात भांडण लावू शकते, आणि भाषा तर दोन्हीकडे मराठीच म्हणवते.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातून निघते. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. शेजाऱ्यांनी धर्मशास्त्र विचारले नाही. घाणा कधी थांबतो ते पाहिले आणि नाव ठेवले ‘शनवार तेली’. आडनावे गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा अबाजी. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले, तर लोकांनी त्यालाही ‘मशीद’च म्हटले, कारण हाताशी तोच शब्द होता. काटेकोरपणे पाहिले तर ‘तेली’ आणि ‘मशीद’ ही दोन्ही नावे कामचलाऊ. पण वेगळेपणाला घरातल्या शब्दांत नाव मिळाले, आणि त्यावर शेजार निभावला.

१९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसले. धर्म तोच, हिब्रू प्रार्थनेतून कानावरची. अडले ते बोलण्याच्या रीतीपाशी. तिथे जन्मलेल्या ज्यूंना साब्रा म्हणतात आणि त्यांच्या रोखठोक बोलण्याला ‘दुग्री’. ‘सरळ’ या अर्थाचा हा मूळचा तुर्की शब्द अरबीतून हिब्रूत आला. तामार कात्रिएल यांचे १९८६ चे ‘टॉकिंग स्ट्रेट’ हे पुस्तक याच रीतीवर आहे. दुग्री बोलणारा तोंडावर सांगतो की तुझे काम मला पटले नाही. त्यात अपमान नसतो; समोरचा खरे ऐकण्याइतका खंबीर आहे, असा मान त्यात असतो. गोड बोलून वेळ मारून नेणे ही परक्यांच्या मर्जीवर जगण्याची खूण मानून साब्रांनी ते टाकून दिले. शेजारच्या अरब समाजात याच्या उलट ‘मुसायरा’ आहे, म्हणजे समोरच्याच्या कलाने घेणे. मराठी माणसाला ती दुग्रीपेक्षा लवकर उमगावी.

‘बघू’वर वाढलेल्याला दुग्री उद्धट वाटते आणि दुग्रीवाल्याला ‘बघू’ ही लबाडी वाटते. आपापल्या हिशेबाने दोघेही सभ्यच असतात.

सर्वनामांतही हीच गंमत. हिब्रूत पुरुषाला ‘अता’ आणि बाईला ‘अत’ म्हणतात. वयाचा, हुद्द्याचा फरक त्यात नाही. मराठीचे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ मान मोजतात, पण समोर पुरुष आहे की बाई हे सांगत नाहीत. म्हणजे एका भाषेचे सर्वनाम जे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, ते दुसरीच्या सर्वनामाच्या गावीही नसते. मुंबईत जन्मभर ‘अहो’ ऐकलेल्या आजोबांना विशीतला कारकून ‘अता’ म्हणतो आणि पहिल्या नावाने हाक मारतो. त्याचे काही चुकलेले नसते. आजोबांच्या कानाला मात्र तो एकेरीवर आलेला असतो.

अर्थात प्रत्येक कडवटपणा रीतीच्या खात्यावर मांडणे ही चलाखी होईल. १९५० च्या दशकाच्या आरंभी काम, घर आणि कातडीच्या रंगावरून मिळणारी वागणूक यांमुळे या समाजातल्या काहींनी धरणे धरले. १९५२ मध्ये एक गट भारतात परतलाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहाआधी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यावर आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे सरकारला जाहीर करावे लागले. या प्रकरणात गैरसमज नव्हता. आदेशाचा शब्द न्‌ शब्द कळला होता, म्हणूनच तो लागला.

आता तिथे जन्मलेली पिढी दुग्री सहज बोलते. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे निघत आले, आणि मलिदा या त्यांच्या धार्मिक विधीच्या ताटात अजून पोहे, खोबरे नि गूळच असतो. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हिब्रूतला निरोपाचा शब्द ‘लेहित्राओत’, म्हणजे पुन्हा भेटू. तो मात्र कोकणातून गेलेल्या आजीला कोणी समजावून सांगावा लागला नसेल.