नजर जन्मतः मिळत नाही

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत. मात्र प्रथम वर्षातील मुले सुट्टीत भेटीस येतात, तेव्हा त्यांची एकच तक्रार असते : गणित जमते, इंजिनिअरिंग ड्रॉइंग जमत नाही. वस्तू समोरून, वरून व बाजूने कशी दिसेल हे कागदावर मांडू जाता डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. एका मुलीने तर आर्किटेक्चरचा विचारच सोडला. ही नजर जन्मतःच असावी लागते, असे तिला कोणी शिक्षकांनी सांगितले होते.

योग्यता जन्माने ठरते, हे आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या ऐकलेले वाक्य आहे. ते वर्गात ऐकू आले म्हणून शास्त्र होत नाही. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठाच्या तत्कालीन प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांना स्वतःला विद्यार्थिदशेत हाच विषय जड गेला होता. १९९३ पासून त्यांनी या बाबतीत मागे असलेल्या नवागतांसाठी खास अभ्यासक्रम चालविला. ठोकळे हाताळणे, ते मनात फिरवून पाहणे आणि हाताने रेखाटणे, एवढाच त्याचा गाभा. विद्यार्थ्यांची ही क्षमता वाढली. मुलींचे अभियांत्रिकी सोडून जाण्याचे प्रमाणही घटले.

आपल्याकडे तर याची थोर पाठशाळा तीस किलोमीटरवर उभी आहे. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. लेणे छतापासून खाली कोरीत आणले जाई. अजिंठ्याच्या अपुऱ्या लेण्यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. खांब उभारायचा नसतो, तो शिल्लक ठेवायचा असतो. चुकून उडालेला दगड पुन्हा बसत नाही. म्हणजे अखंड कातळात संपूर्ण विहार आधी मनात पाहावा लागे. पाथरवटांना ही नजर छिन्नी-हातोड्याच्या सरावानेच आली असणार.

आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक तेथे काय करतो? शतके व राजवंश लिहून घेतो, डबे खातो, परततो. 'तीन ताल' या बाराव्या लेण्यात वरच्या मजल्याचे खांब खालच्या खांबांच्या नेमके वर येतात काय, हे कागदावर शोधा, असे आम्ही कधी म्हटले नाही. चित्रकलेचा तासही गणिताच्या उजळणीस दिला जातो. तो इतिहासासाठी आम्हीही घेतला आहे, हे कबूल करतो. इंटरमिजिएट परीक्षेत घनभूमिती आहे, पण आपली दृष्टी दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे जात नाही.

आमचे मत असे की, पाचवीपासून आठवड्यास दोन तास चित्रकला व मातीकाम असावे आणि ते कोणी मागू नयेत. पालकांनीही त्यास वेळेचा अपव्यय समजू नये. वेरूळच्या यंदाच्या सहलीत प्रत्येक मुलाच्या हाती कोरा कागद व पेन्सिल राहील. सोबत एक रविवार देऊ शकतील अशा अभियंता माजी विद्यार्थ्यांनी शाळेस कळवावे.