आधी दोरा, मग सूत्र

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार आधी चाकाचा घेर मोजतो. धाव त्याहून किंचित लहान बनवतो, लालबुंद तापवून चढवतो आणि वर पाणी ओततो. लोखंड आकसते, चाक घट्ट आवळले जाते. घेर चुकला तर सगळी मेहनत वाया.

शाळेत मात्र वर्तुळाची सुरुवात सूत्राने होते. हा क्रम उलटा आहे.

आर्यभटाने इ. स. 499 मध्ये 20,000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832 सांगितला, म्हणजे परीघ आणि व्यासाचे गुणोत्तर, पाय (π), 3.1416, आणि ही किंमत जवळपासची असल्याचेही नोंदवले. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त सूक्ष्म गणितासाठी 3927/1250 आणि व्यवहारासाठी 22/7 अशा दोन किमती दिल्या. हा विवेक आपण हरवला. 22/7 म्हणजेच पाय, असे मानून कित्येक मुले दहावी पार करतात. प्रत्यक्षात एक मीटर व्यासाच्या चाकात त्याने परीघ सव्वा मिलिमीटरने जास्त येतो.

शिक्षकांनी पहिल्या तासाला फळ्याऐवजी ताट, वाटी, बादली आणि दोरा घ्यावा. मुलांनी परीघ मोजावा, व्यासाने भागावा. प्रत्येक वेळी उत्तर तीनहून थोडे जास्त आले, की मगच सूत्र लिहावे.