संगत कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलपुढे एक अर्ज आला. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेची एक खोली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटास वापरावयास मिळावी, एवढीच त्यात विनंती होती. तिच्यावर पाऊण तास चर्चा झाली. शाळेच्या मुलांवर काय परिणाम होईल, असे एकाने विचारले. विजेचे बिल कोणी भरावयाचे, हा प्रश्न दुसऱ्याने काढला. चर्चच्या आवारात बेवड्यांची वर्दळ नको, असे एका वयोवृद्ध सभासदांनी स्पष्टच सांगितले. अखेर फादरांनी आग्रह धरला म्हणून खोली मंजूर झाली, पण एका अटीवर. या मंडळींनी मुख्य फाटकाने न येता शाळेमागच्या लहान दाराने यावे. त्यानंतरचा विषय होता सणानिमित्त भरणाऱ्या जत्रेचा. तिथल्या बिअरच्या स्टॉलला दोन मिनिटांत मंजुरी मिळाली. तो स्टॉल मुख्य फाटकालगत लागला.

दोन्ही ठरावांच्या वेळी आम्ही हात वर केला होता. तेव्हा या लेखातला राग आधी आम्ही आमच्यावरच काढतो आहोत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे काही महिन्यांनी त्या गटाच्या खुल्या सभेचे बोलावणे आले आणि आम्ही त्या मागल्या दाराने आत गेलो. पंधरा-सोळा माणसे होती. एक मच्छीमार, बँकेतला एक कारकून, एक निवृत्त शिक्षक, कॉलेजात जाणारा एक मुलगा. काही आपले, काही हिंदू, एक मुसलमान. प्रत्येकजण उठून आपले पहिले नाव सांगे आणि म्हणे, 'मी दारुडा आहे.' मग स्वतःची हकिगत सांगे. कोणी कोणाला उपदेश करीत नव्हते. आज आपला एकोणिसावा दिवस आहे, असे तो मुलगा म्हणाला तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वर्गणी नाही, नोंदवही नाही. शेवटी एक डबा फिरला, त्यात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकले आणि त्यातून चहाचे पैसे भागले. रविवारच्या मिस्सेत शांतीचे चिन्ह देताना शेजाऱ्याकडे न पाहताच हात पुढे करणारे आम्ही, त्या खोलीत ओशाळून बसलो होतो.

आमच्यातील काही धर्मनिष्ठ मंडळींचा या गटांवर आक्षेप असा, की हे लोक 'उच्चतर शक्ती' म्हणतात, प्रभू येशूचे नाव घेत नाहीत. मग कॅथलिक माणसाने तेथे कशाला जावे? पवित्र मिस्सा आहे, पापनिवेदन आहे, रोझरी आहे, ते पुरेसे नाही काय? हा आक्षेप वरवर भक्तीचा वाटतो. पण या चळवळीचा जन्म कसा झाला ते पाहा. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. त्याने दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि धंद्यात अपयश आल्याने पलीकडचा बार त्याला खुणावत होता. त्याने स्थानिक चर्चच्या यादीतून एका पाळकांना फोन केला. आपल्यासाठी प्रार्थना करा, असे तो म्हणाला नाही. ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा एखादा दारुडा या गावात आहे काय, हे त्याने विचारले. त्या फोनमुळे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. जेमतेम पंधरा मिनिटे देऊ, असे ठरवून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसले. त्या वर्षीच्या १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि चळवळ आपला स्थापनादिन तोच मानते.

चार वर्षांनी त्याच ॲक्रनमध्ये संत थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. बॉबना साथ दिली. त्या काळी दारुड्यास रुग्णालये खाट देत नसत. सिस्टरांनी पहिल्या रुग्णाची नोंद जठराच्या विकारावर केली आणि त्याला आत घेतले. मागल्या दाराने आणले म्हणा हवे तर, पण ते दार त्यांनी आत आणण्यासाठी उघडले होते, नजरेआड ठेवण्यासाठी नव्हे. बरा होऊन निघणाऱ्या प्रत्येकास त्या पवित्र हृदयाचा एक बिल्ला देत आणि सांगत, की पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हा मला परत आणून दे. १९४० मध्ये येशूसंघीय धर्मगुरू एड डाउलिंग बिल विल्सन यांना भेटावयास गेले, कारण या गटाच्या बारा पायऱ्यांत त्यांना संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले होते. बिलना त्या साधनेचा पत्ताही नव्हता. इतके लांब तरी कशाला जायचे? मुंबईच्या धर्मप्रांतातील फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यास कृपा फाउंडेशन सुरू केले, ते स्वतः या पाशातून सुटलेले असल्यामुळेच. ज्यांना हे सारे कॅथलिक वाटत नाही, त्यांनी कॅथलिक या शब्दाचा अर्थ आमच्या जत्रेच्या स्टॉलवर शोधावा.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचा पक्षाघाती आठवा. त्याला उचलून आणणारे चौघे गर्दीमुळे अडले तेव्हा छप्पर उसकटून त्यांनी बाज खाली सोडली, आणि प्रभूने दखल घेतली ती त्या चौघांच्या विश्वासाची. आजारी माणसाच्या विश्वासाची चौकशीही झाली नाही. आमच्याकडे चौकशी होते ती फक्त त्याचीच: याची इच्छाशक्ती कमी, याची प्रार्थना कमी. बाज उचलावयाची चार माणसे कोठे आहेत, असे कोणी विचारीत नाही.

शपथेवर आमची मोठी भिस्त असते. आई मुलाला अल्तारापुढे नेते, हातात क्रूस देते, शपथ होते. हेतूत खोट नाही, पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो आणि प्रसंगी जीवही जातो. त्या पहिल्या आठवड्यात त्याला डॉक्टर लागतो. आयर्लंडात कॅप्युचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लाखो लोकांना शपथ दिली, पण पुढच्या दुष्काळात ती चळवळ ओसरली. त्याच देशातील मॅट टॅलबट या मजुराची शपथ मात्र टिकली. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खिसा रिकामा असताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आपल्या मजुरीतून पाजले होते ते मित्र त्याला न विचारता आत गेले. त्याच दिवशी त्याने शपथ घेतली, आणि तीही आयुष्यभराची नव्हे, तीन महिन्यांची. पुढे ती वाढत गेली. रोजची मिस्सा, आध्यात्मिक मार्गदर्शन आणि संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाची सोबत यांच्या आधारे १९२५ साली मिस्सेला जाता जाता रस्त्यात मरण येईपर्यंत, एक्केचाळीस वर्षे, तो कोरडा राहिला. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

आणि आमचा उपवासकाळ! राखेच्या बुधवारी बाटली कपाटात जाते आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दुप्पट होऊन बाहेर येते. 'चाळीस दिवस सोडतो म्हणजे मी व्यसनी नाही,' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की प्रायश्चित्ताचा काळ हा आता पिणाऱ्यांचा प्रमाणपत्र मिळवण्याचा काळ झाला आहे की काय, असे वाटते.

आता जे सांगावयाचे आहे ते लिहिणे आम्हांस जड जाते. आमच्या वाडीतला, आमच्याच शाळेतला एक मित्र त्या खोलीत जात असे. चौदा महिने त्याने थेंबाला हात लावला नव्हता. घरी रंगकाम झाले होते, मुलीची फी वेळेवर भरली गेली होती. एका लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात आम्ही सहाजण एका टेबलाशी होतो. त्याने लिंबू सरबत मागितले. कोणीतरी म्हणाले, 'बायकोला घाबरतोस होय?' सगळे हसले. आम्हीही हसलो. मग दुसऱ्याने ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला, 'अरे, भाचीच्या लग्नात तरी घे.' त्याने आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्हांस समजली होती. 'राहू दे त्याला' एवढे तीन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत, कारण त्या टेबलावर आमचीही एक प्रतिष्ठा होती. अकरा महिन्यांनी यकृताच्या विकाराने तो गेला.

असे काही लिहिले की आमच्याकडे एक उत्तर तयार असते: प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला नाही का? केला. दारू स्वतःच पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या किनाऱ्यावरची दारू संपवली नाही, ती माजघरात नेली, हे आम्हांस ठाऊक आहे. पण कानाच्या लग्नात पवित्र मरियेने काय पाहिले? त्या घराची अडचण इतर कोणाच्या लक्षात येण्याआधी तिने पाहिली, आणि गाजावाजा न करता त्या घराची अब्रू राखली. आमच्या मांडवात सरबत मागणाऱ्या माणसाची अडचण कोण पाहते? ख्रिस्तसभेने स्वतः ती पाहिली आहे. व्यसनाधीन धर्मगुरूंना मिस्सेत नेहमीच्या द्राक्षारसाऐवजी न आंबवलेला द्राक्षरस वापरण्याची परवानगी धर्मप्रमुखांनी द्यावी, अशी तरतूद रोमने २००३ च्या पत्रात केली. अल्तारावरचा प्याला जर एका आजारी माणसासाठी बदलता येतो, तर आमच्या पंगतीचे टेबल बदलता येत नाही, हे म्हणावयास तोंड तरी कसे होते?

घरच्या बायकांविषयी कोणी बोलतच नाही. त्यांच्यासाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाचे गट आहेत. नवरा प्यायचा थांबो वा न थांबो, त्यांनी एकमेकींना आधार द्यावा म्हणून. आमच्या त्या खोलीत अजून असा गट सुरू झालेला नाही. कारण विचारले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, 'मागल्या दाराने जाताना कोणी पाहिले तर दोघांचेही नाव जाते.' नवऱ्याची दारू सगळ्या वाडीला माहीत असते. बायको मदत मागावयास गेली, हे मात्र वाडीला माहीत होता कामा नये.

कौन्सिलच्या येत्या सभेसाठी आम्ही दोन ठराव लिहून दिले आहेत. त्या मंडळींना मुख्य फाटकाने येऊ द्यावे, हा एक. चर्चच्या आवारातील कोणत्याही समारंभात दारूचा स्टॉल नसावा, हा दुसरा. पहिला बहुधा मंजूर होईल. दुसऱ्याबद्दल आत्ताच तीन फोन येऊन गेले, त्यातला एक नातलगाचा.

मित्राच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्याच्या पत्नीने घरी चहा, केळी आणि रवाकेक एवढेच ठेवले होते. अंगणात काही पाहुणे कुजबुजले, दोघेतिघे गाडी काढून लवकर निघून गेले. रात्रीच्या खोलीतली पंधरा-सोळा माणसे मात्र शेवटपर्यंत थांबली, आणि कपबशा त्यांनीच विसळल्या.