लक्ष्मीपूजनाच्या सकाळी

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आले. हाच पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याने १० पोलीस जवानांना मारले, तेव्हापासून तो पाळला जातो. सकाळी मानवंदना होते, वर्षभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची नावे वाचली जातात. त्या वर्षी आपण तेव्हा झेंडूच्या भावावरून घासाघीस करत होतो. करावी. सण होता.

वर्ध्यात या दिवशी हेमंत करकरे आठवणारच. इथल्या न्यू इंग्लिश हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअर झाले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी केली आणि १९८२च्या तुकडीतून आयपीएसमध्ये गेले. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना ते जंगलातली वाळकी लाकडे गोळा करून त्यांतून शिल्पे घडवत. लाकडात काय दडले आहे ते न्याहाळत बसणारा हा अधिकारी आम्हाला चौकातल्या फ्लेक्सवरच्या करकरेंपेक्षा जवळचा वाटतो. फ्लेक्सवर माणूस मावत नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासोबत करकरे मारले गेले. त्याआधीचे काही आठवडे, ते करत असलेल्या मालेगाव स्फोटाच्या तपासावरून त्यांच्यावर टीकेची राळ उडत होती. एका रात्रीत ते हुतात्मा झाले, अशोकचक्र मिळाले. ३१ जुलै २०२५ला विशेष न्यायालयाने त्या खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडले, आणि करकरेंच्या नावावरून पुन्हा तेच दोन तट समोरासमोर उभे राहिले. तपासाची चिरफाड जरूर व्हावी, लोकशाहीत ती व्हायलाच हवी. पण निकालाच्या दिवशी मेलेल्या माणसाचे मरण पुन्हा तराजूत घालणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

मरण तराजूत घालू नये म्हणायचे तर वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचेही बोलावे लागते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेला जमाव तिरंगा लावायला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले. मग जमावाने ठाणेदार मिश्रा आणि त्यांच्या शिपायांना ठार केले. पुढे गावावर दडपशाहीचा वरवंटा फिरला. आष्टीच्या आणि तसाच उठाव झालेल्या चिमूरच्या कैद्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर आवाज उठला. गाव आज ‘आष्टी शहीद’ म्हणून ओळखले जाते आणि त्या नावावर आष्टीचा पुरता हक्क आहे.

मिश्रा मात्र कोणाचेच नाहीत. ज्या सरकारसाठी ते मेले ते गेले. जे आले, त्याच्या विरुद्ध बाजूला ते उभे होते. गोळीचा हुकूम चूक होता, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण ठाण्यात सापडलेला तो शिपाई? पगारावर घर चालवणारा, वरून आला तो हुकूम पाळणारा. स्वातंत्र्यानंतर त्याच खाकीतल्या शिपायाच्या मरणाला आपण मानवंदना देऊ लागलो. त्याचे काम फारसे बदलले नव्हते, हुकूम देणारे बदलले होते.

म्हणून एक सुचवतो. नागपंचमीला आष्टीत हुतात्म्यांना वंदन झाले की, शेवटी का होईना, त्या दिवशी ठाण्यात मेलेल्या पोलिसांचीही नावे घ्यावीत. हुतात्मा म्हणून नव्हे, नुसती नावे. हे वाचून काही वाचक संतापतील, त्यांत ज्यांच्या घरच्यांनी बेचाळीसमध्ये तुरुंग भोगला तेही असतील. त्यांची पत्रे आम्ही पुढच्या अंकात काटछाट न करता छापू.