घाम गेला तर चालेल, कातडं नको!

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी चांदणी चौकात उभे राहा. ताम्हिणीकडे निघालेली गँग दिसेल. जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड... सगळं कसं जागच्या जागी! हीच मंडळी दुपारी परत येताना बघा. जॅकेट मागच्या सीटवर बंजी कॉर्डनं बांधलेलं, ग्लोव्हज बॅगेत आणि अंगावर घामानं चिंब झालेला टी-शर्ट. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'बॉस, एवढ्या उन्हात कोण घालणार?'

प्रश्न अगदी रास्त आहे. डायनेसे काय किंवा आल्पाइनस्टार्स काय, बायकर-फॅशनची ही मोठी नावं इटलीतली. तिथल्या शरद ऋतूसाठी शिवलेलं काळंभोर लेदर जॅकेट परभणीच्या मे महिन्यात घालणं म्हणजे स्वतःहून भट्टीत शिरणं. पण म्हणून टी-शर्टवर बाइक चालवायची, हे काही उत्तर नाही. ताशी ५० किलोमीटरचा स्पीड म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्या वेगानं डांबरावर घसरताना टी-शर्ट असून नसल्यासारखा आणि आपली लाडकी जीन्सही क्षणात फाटते. त्यात भर दुपारी ते डांबर ६० अंशांच्या घरात सहज पोचलेलं असतं. पुढचं वर्णन नको, तुम्ही कदाचित जेवत असाल.

गिअरनं खरंच फरक पडतो का? पडतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ बायकर्सचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटरसायकलचं खास जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी निघाली. रायडिंग पँटवाल्यांची ५१ टक्क्यांनी आणि ग्लोव्हजवाल्यांची तर ५९ टक्क्यांनी! म्हणजे आपण जे सगळ्यात आधी काढून बॅगेत कोंबतो, तेच इतकं कामाचं. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. अपघातात जवळजवळ ३० टक्के जॅकेटं आणि पाव भागाहून जास्त पँट आणि ग्लोव्हज फाटले किंवा उसवले. थोडक्यात, 'रायडिंग जॅकेट' असं लेबल लावलेली प्रत्येक वस्तू जॅकेट नसते.

आधी हवा ओळखा

मेश जॅकेट, म्हणजे जाळीचं जॅकेट, हे उन्हाळ्यावरचं रामबाण औषध आहे असं दुकानदार सांगतो. अर्ध खरं आहे. उरलेलं अर्ध तुम्ही कुठे बाइक चालवता त्यावर ठरतं.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गार असेल तर जाळीतून येणारा वारा अंग थंड करतो. पण चंद्रपुरात किंवा नागपुरात पारा ४४ वर गेला, की तोच वारा हेअर ड्रायरसारखा अंगावर येतो. तो तुम्हाला गार करत नाही, उलट तापवतो. शिवाय घाम इतक्या झटकन सुकवतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. पाणी मात्र अंगातून जात राहतं.

मग विदर्भातला माणूस काय करतो? कूलर लावतो! वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा आली की ती गार होते, कारण पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं. हाच फंडा बाइकवर वापरायचा. आतला टी-शर्ट पाण्यात भिजवून पिळून घाला, किंवा बाजारात मिळणारं कूलिंग व्हेस्ट भिजवून घ्या. त्यावर जाळीऐवजी झिपचे व्हेंट असलेलं टेक्स्टाइल जॅकेट घाला आणि व्हेंट थोडेच उघडे ठेवा. वारा बेताचा आत येतो, कपडा सावकाश सुकतो आणि गारवा जास्त वेळ टिकतो. फुल मेशमध्ये तोच टी-शर्ट बघता बघता खडखडीत वाळतो. चाळिशी ओलांडलेल्या कोरड्या उन्हात अंग झाकणं हेच शहाणपणाचं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून शेतावर जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आणि आपल्या पुण्याच्या मुलींना तर नाहीच नाही! स्कार्फ आणि सनकोटची चेष्टा करणाऱ्यांनी आता गुपचूप माफी मागायला हरकत नाही.

मुंबई आणि कोकणात मात्र हे गणित उलटं. तिथे हवेतच इतकी आर्द्रता की कूलर चालत नाही आणि ओला टी-शर्ट ओलाच राहतो. पारा मात्र बहुतेक दिवस पस्तिशीच्या आसपास. तिथे मेश जिंकतं. बाइक चालू आहे तोवर वारा लागतो, सिग्नलला थांबलात की पुढची चेन थोडी खाली घ्या आणि निघताना पुन्हा वर. पुणेकर या दोघांच्या मधले. रोज ऑफिसला जाण्यासाठी मेश आणि मराठवाडा-विदर्भाच्या लाँग राइडला व्हेंटवालं टेक्स्टाइल, अशी वाटणी करता येते. एकच घ्यायचं असेल तर छाती, बाह्या आणि पाठीवर जाळी, पण खांदे आणि कोपरांवर जाड नायलॉन असलेलं जॅकेट बघा. पडताना आधी टेकतात ते हेच भाग.

लेबल वाचा, लोगो नंतर

दुकानात गेल्यावर आपण आधी रंग बघतो, मग आरशात बघतो, मग किंमत. त्याआधी आतलं लेबल बघा. युरोपातल्या ईएन १७०९२ या मानकाप्रमाणे कपड्याचे वर्ग असतात : ए, डबल ए आणि ट्रिपल ए. जितके ए जास्त, तितका कपडा घासण्याला जास्त टिकतो. बरीचशी मेश जॅकेटं 'ए' वर्गात मोडतात. शहरात ठीक आहे, हायवेवर रोजचं जाणं-येणं असेल तर डबल ए शोधा.

मग खांदे, कोपर आणि गुडघ्यांतले पॅड बाहेर काढून बघा. हो, चक्क बाहेर काढा, दुकानदार काही म्हणत नाही. त्यावर ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ असं कोरलेलं असतं. खांदे-कोपरांच्या पॅडमध्ये लेव्हल १ म्हणजे टेस्टमध्ये दणक्यातलं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोचतं. लेव्हल २ मध्ये फक्त २० पर्यंत. आता आपल्या कामाची खरी गोष्ट. हल्लीचे मऊ पॅड उन्हानं आणखी मऊ पडू शकतात. म्हणून या मानकात ४० अंशांवर घ्यायची एक ऐच्छिक चाचणी आहे. ती पास झालेल्या पॅडवर 'टी प्लस' अशी खूण असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही बारीकशी खूण मोठ्या लोगोपेक्षा जास्त मोलाची.

पाठीचा पॅड मात्र हमखास हात लावून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसता फोमचा तुकडा भरलेला असतो. त्याचा उपयोग जॅकेटचा आकार छान दिसावा एवढाच. सर्टिफाइड बॅक प्रोटेक्टर वेगळा घ्या आणि बजेटमध्ये त्याचे पैसे आधीच धरा.

पावसाळ्यात चालेल म्हणून आत वॉटरप्रूफ पदर कायमचा शिवलेलं जॅकेट उन्हाळ्यासाठी घेऊ नका. पाणी अडवणारा पदर घामाची वाफही अडवतो. लायनर काढता येणारं घ्या किंवा वर घालायचा साधा रेनकोट ठेवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून 'मोटोकॅप' नावाची योजना जॅकेट-पँटला दोन वेगवेगळे स्टार देते, एक सुरक्षिततेसाठी आणि एक अंगाला हवा लागण्यासाठी. खरेदीपूर्वी त्यांचं रेटिंग मिळतंय का ते बघा.

डोकं, हात, पाय

हेल्मेट आयएसआय मार्कचंच, यावर चर्चा नाही. उन्हाळ्यासाठी बघायचं ते एवढंच : पुढून हवा आत येण्याचे आणि मागून बाहेर जाण्याचे खरे मार्ग आहेत का, आणि आतलं अस्तर काढून धुता येतं का. आत पातळ ड्राय-फिट बालाक्लाव्हा घातला तर घाम डोळ्यांत उतरत नाही. हाफ-फेस हेल्मेटला 'हवेशीर' म्हणणाऱ्यांनी हनुवटी कशावर टेकणार याचा विचार करावा.

ग्लोव्हज बारीक छिद्रांच्या लेदरचे किंवा मेशचे घ्या, पण तळहात आणि बोटांच्या सांध्यांवर मजबूत हवेत. पडताना माणूस आधी हातच टेकतो, ही सवय कुणाच्याच हातात नाही. मनगटाचा पट्टा नीट आवळला जातो का बघा, नाहीतर ग्लोव्हज रस्त्यावर आणि हात भलतीकडे. पायांत घोटा झाकणारे बूट हवेत. सँडल आणि फ्लोटर्स मॉलमध्ये. पँट म्हणाल तर अरामिड फायबरचं अस्तर आणि गुडघ्यांचे पॅड असलेली रायडिंग जीन्स ऑफिसातही खपून जाते, बॉसला पत्ताही लागत नाही. आत कॉटन नको. ते घाम पितं, पण सोडत नाही, आणि दोन तासांनी मांड्या सोलून निघतात.

मागच्या सीटवरच्या व्यक्तीलाही हेच सगळं लागू. 'तिला काय, मागेच तर बसायचंय' हे वाक्य डांबराला कळत नाही.

गिअर असलं तरी ऊन ऊनच

राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात कुठलंही जॅकेट तुम्हाला वाचवत नाही. पहाटे निघा, अकराच्या आत पोचा किंवा सावलीला थांबा. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाणी घ्या. मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ताक, पन्हं किंवा ओआरएस असेल तर उत्तम. आदल्या रात्रीची पार्टी मात्र लाँग राइडशी जमत नाही.

डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं किंवा गिअर टाकताना उगाच गोंधळ व्हायला लागला, की तिथेच थांबायचं. उष्म्यानं आधी निर्णयशक्ती जाते आणि मग तोल. जॅकेट काढा, सावलीत बसा, मानेवर आणि काखेत पाणी मारा. सोबतचा मित्र असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याचं अंग तापून निघालं असेल तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्याला ओल्या कपड्यानं गार करत थेट हॉस्पिटल गाठा, 'पाच मिनिटांत बरं वाटेल' म्हणत बसू नका.

जे जॅकेट तुम्हाला शिजवतं ते तुम्ही घालणार नाही, आणि जे घालणार नाही ते कितीही महाग असलं तरी फुकट. म्हणून सगळ्यात भारी जॅकेट न शोधता, मेच्या दुपारी दोन वाजताही अंगावर राहील असं शोधा.

शॉपिंगला जाताना

* दुपारी जा आणि जॅकेट घालून दहा मिनिटं उन्हात उभे राहा. एसी शोरूममध्ये सगळीच जॅकेटं कूल वाटतात.
* बाइकवर बसून बघा. हात पुढे घेतल्यावर कोपराचा पॅड कोपरावरच राहिला पाहिजे. ढगळ मेशमध्ये तो फिरतो.
* काळ्याऐवजी करडा किंवा फिकट रंग घ्या. ऊन कमी शोषतो आणि ट्रकवाल्याला लवकर दिसतो.
* बजेट कमी असेल तर क्रम असा : हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, बूट, पँट. पण पुढच्या पगारात यादी पुढे सरकली पाहिजे!