पाणी गाळतो, मग बातम्या का नाही?



परवा स्थानकात सामायिक आटोपल्यावर पायऱ्यांवर गप्पा रंगल्या. निवडणुकीचा विषय निघाला तशी एक मैत्रीण म्हणाली, "मी तर बातम्या बघतच नाही बाई. राजकथा म्हणजे विकथा. उगाच कर्मबंध कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही तेव्हा गप्प बसले. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहिते आहे. तिचे अर्धे म्हणणे मला पटते, अर्धे मुळीच पटत नाही.

आधी पटते ते सांगते. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा सामायिकात वर्ज्य आहेत, हे आपण लहानपणापासून शिकलो. आता रात्रीची कुठलीही टीव्हीवरची चर्चा आठवा. प्रतिक्रमणात आपण ज्या अठरा पापस्थानकांची क्षमा मागतो, त्यांतली किती त्या एका तासात सापडतात ते मोजा. क्रोध आणि मान तर पहिल्या पाच मिनिटांत. मग कलह, खोटा आळ घालणारे अभ्याख्यान, चहाडी म्हणजे पैशुन्य आणि परनिंदा म्हणजे परपरिवाद. आपण सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर आवरतो, चौविहार पाळतो, आणि दिवेलागणीनंतर हे सगळे कानांनी जेवत बसतो! पाणी गाळून घेणाऱ्या, मेथीचे पान न् पान निरखून घेणाऱ्या आपण, कानात काय जाते ते बघतच नाही.

हा आरडाओरडा होतो कशामुळे, याचे उत्तर माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेबात दिसते. वाहिनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातीचे. जाहिरातीचा दर टीआरपीवर. आणि टीआरपी ठरतो देशातल्या पन्नासेक हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून. ऑक्टोबर 2020 मध्ये या आकड्यांतच घोटाळ्याचा आरोप झाला, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे टीआरपी जाहीर करणे बंद पडले, ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. स्टुडिओत चार माणसे बोलावून भांडायला लावणे स्वस्त पडते. गावात बातमीदार पाठवायचा तर गाडीभाडे, मुक्काम, पगार, सगळे आले. दुकानदार स्वस्त माल दर्शनी मांडतो, तसे हे आहे.

आता न पटणारे अर्धे. राजकथा विकथा आहे म्हणून राज्यकारभाराकडे पाठ फिरवायची का? विकथा म्हणजे निरर्थक, कषाय वाढवणारी बडबड. कापसाचा भाव, नळाचे पाणी, शाळेतले शिक्षक ही बडबड आहे का? ज्या राज्यात आपण राहतो, कर भरतो, मत देतो, तिथले माहीत नसणे हे अज्ञान झाले. त्याला वैराग्य म्हणू नका.

आपल्याच गावची गोष्ट घ्या. 16 फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधान पांढरकवड्याला आले होते. मेळावा बचत गटांच्या बायकांचा होता. दोनच दिवस आधी पुलवामात सीआरपीएफचे चाळीस जवान गेले होते. त्यातले दोघे आपल्या विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्याचे. सगळ्यांचेच मन जड होते, आणि त्यावर ते बोलले हे योग्यच होते. पण त्या रात्री मी जी वाहिनी लावली, तिच्यावर तेवढीच वाक्ये पुन्हा पुन्हा वाजत राहिली. आमच्याकडे कामाला येणारी बाई गटातल्या बायकांबरोबर सभेला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "काकू, टीव्हीत आम्ही दिसलो का जी?" मी म्हटले, "डोकी दिसली गं." पदर घेतलेली हजारो डोकी. गट कसा चालतो, कर्ज मिळते का, फेडता येते का, हे त्यांतल्या एकीलाही कॅमेऱ्यासमोर कोणी विचारलेले मी पाहिले नाही.

दुसरे उदाहरण कापसाचे. 2025 साली पर्युषण तोंडावर असताना, 19 ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे नवा कापूस बाजारात येतो नेमक्या त्या महिन्यांत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, शेतकऱ्याला भाव हवा, जिनिंगवाल्याला आवक हवी. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे. आपल्यातली कितीतरी घरे याच व्यापारावर चालतात, आणि ज्यांच्याकडून आपण माल घेतो ते शेतकरी याच जिल्ह्यात कर्जापायी जीव देतात. अनेकांताने समजून घ्यावा असा विषय याहून कुठला? पण त्या दिवसांत मी पाहिलेल्या एकाही रात्रीच्या चर्चेत तो निघाला नाही. पडद्यावर आठ चौकटी दिसल्या की आपल्याला वाटते, सगळ्या बाजू आल्या. हत्ती चाचपडणाऱ्या आंधळ्यांच्या हाताशी निदान हत्ती तरी होता. स्टुडिओत तोही नसतो.

कायद्यालाही हे थोडे कळते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 प्रमाणे मतदान संपण्याआधीचे 48 तास त्या भागात टीव्हीवरूनही प्रचार करता येत नाही. माणसाने शांत बसून विचार करावा, हा हेतू. आपले सामायिक 48 मिनिटांचे, तोही समभावाचाच अभ्यास. पण 2024 मध्ये काय झाले? आपण चंद्रपूर मतदारसंघात, मतदान 19 एप्रिलला. आपल्याच जिल्ह्यातल्या यवतमाळचे 26 ला. गावातले भोंगे थांबले, आणि घरातला टीव्ही दुसऱ्या टप्प्याच्या सभा दाखवतच राहिला. कायद्याने मौन मिळाले ते रस्त्याला. घरातले मौन आपल्यालाच पाळावे लागेल.

म्हणून माझ्या घरात मी काही नियम केले आहेत. जेवताना टीव्ही बंद. बातम्या दिवसातून एकदाच, अर्धा तास, ओरडा सुरू झाला की बंद. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न: हे कोण सांगतो आहे, कोणाला विचारलेच नाही, आणि माझ्या तालुक्यात याने काय बदलते? नातवाला हा खेळ इतका आवडला आहे की आता तोच आजोबांना विचारतो. आणि वाहिनीने एखाद्यावर खोटा आळ घातला, एखाद्या समाजाविरुद्ध विष पेरले, तर नुसते हळहळू नका. सात दिवसांच्या आत वाहिनीला लेखी तक्रार करता येते, आणि दाद मिळाली नाही तर वाहिन्यांनीच नेमलेल्या प्राधिकरणाकडे जाता येते. सगळ्या वाहिन्या त्याच्या सदस्य नाहीत, तरी चार ओळी लिहायला काय जाते?

त्या मैत्रिणीला माझे एवढेच सांगणे. पाण्यात जीव असतात म्हणून आपण पाणी प्यायचे सोडले नाही. गरणे लावले. बातम्यांनाही तेच करू या.

लिहिताना माझ्या शब्दांनी कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम.